थेट ड्रममध्ये

कपडे धुण्याचा साबण हीसुद्धा रीतसर खरेदी आहे, असं स्टोअरकाकांच्या मनाने घेतलं नसतं, तर तिसऱ्या मजल्यावरचा फेस तळमजल्यापर्यंत उतरला नसता आणि सेक्रेटरींना अर्धी दाढी ठेवून बाहेर यावं लागलं नसतं. पण मनाने एकदा घेतलं की घेतलं. काका तसे साधे गृहस्थ आहेत, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. खरेदी म्हटलं की मात्र त्यांच्यात वेगळाच माणूस जागा होतो.

काका एका मोठ्या सरकारी ऑफिसात भांडारपाल आहेत, म्हणून इमारतीत ते स्टोअरकाका. त्यांच्या भांडारात टाचण्यांचा डबासुद्धा नियमाने येतो. आधी तीन दुकानांकडून दर मागवायचे, मग तुलनात्मक तक्ता, मग समिती आणि मग टाचण्या. तोवर कागद सुटे राहतात, पण त्याला इलाज नाही. तिन्ही दुकानदार तोलामोलाचे निघाले आणि कुणालाच दुखवायचं नसलं, तर ऑर्डर तिघांत सारखी वाटून द्यायची, ही त्या ऑफिसातली जुनी आणि शांततेची रीत. या रीतीमुळे काकांच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एक तक्रार झालेली नाही. ऑफिसात ते याचा उल्लेख फारसा करत नाहीत, फक्त रोज करतात.

आता काकूंचं. काकू नर्स आहेत आणि त्यांना दुसऱ्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलने मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांची मुख्य, म्हणून बोलावलं होतं. दोन वर्षं तिथे राहायचं, सुट्टीला घरी यायचं. काकूंनी ही बातमी भाजी निवडता निवडता सांगितली आणि वर "पण घराचं काय?" असं म्हणून देठं कचऱ्यात टाकली. त्या देठांबरोबर मेट्रनपदही चाललंय हे काकांना दिसलं आणि ते कळवळले. ज्या मुलींना काकूंनी इंजेक्शन धरायला शिकवलं, त्यांच्याच सह्या आता काकूंच्या रजेच्या अर्जावर लागत. काकू त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. काकांना मात्र ते दर वेळी लागायचं. शिवाय, हेही सांगितलं पाहिजे, ऑफिसात डबा खाताना ते "आमच्या मेट्रनबाई" असं दोनदा म्हणून बसले होते. तोंडातून गेलेला शब्द परत भांडारात जमा करून घेता येत नाही.

"घराचं काय म्हणजे?" काका म्हणाले. "अख्ख्या ऑफिसचं भांडार सांभाळणाऱ्या माणसाला एक घर जमणार नाही?"

काकूंनी निवडलेली भाजी बाजूला ठेवली. त्यांना आठ दिवसांच्या ट्रेनिंगला जायचंच होतं. तेवढे दिवस घर सांभाळून दाखवा, म्हणाल्या, आल्यावर बघू. जेवणाचा डबा लावला होता. नानांची, म्हणजे काकांच्या वडिलांची, औषधं वेळेवर द्यायची आणि कपडे धुवायचे, एवढीच कामं. टोपलीत काकूंचे पांढरे युनिफॉर्म आहेत तेवढे नक्की धुऊन ठेवा, हे त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, जिन्यात सांगितलं आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा सांगितलं. म्हणजे परीक्षा होती आणि पेपर आधीच फुटलेला होता. इतकी सोपी परीक्षा काकांना शाळेतसुद्धा मिळाली नव्हती.

पहिल्याच दिवशी काकांनी घराचा ताबा घेतला आणि नवीन अधिकारी ताबा घेतल्यावर जे करतो तेच केलं, पाहणी. पाहणीत वॉशिंग मशीनचा साबण घालायचा कप्पा कळकट आढळला. तो बाहेर काढून धुवावा म्हणून त्यांनी ओढला. अर्ध्यात अडकला. भांडारातली जुनी कपाटं अडकली की काका भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढतात आणि कपाट मुकाट्याने उघडतं. इथेही त्यांनी भिंतीला पाय लावला. कप्पा उघडला, पण दोन तुकड्यांत, आणि काका टोपलीत बसले. त्या कप्प्याला आत एक लहानशी कळ असते आणि ती दाबली की तो बोटाने निघतो, हे त्यांना टोपलीत बसल्या बसल्या दिसलं.

समोर स्टुलावर नाना बसलेले होते. मशीन घेतल्यापासून त्याच्या गोल काचेसमोर बसून आतले कपडे फिरताना बघणं हा नानांचा विरंगुळा. बातम्यांपेक्षा हे बरं, निदान शेवटी काहीतरी स्वच्छ निघतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मुलाला टोपलीत पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त आज खेळ बंद का एवढं विचारलं.

काकांनी कंपनीला फोन लावला. आधी एका गोड आवाजाने त्यांची तक्रार फार महत्त्वाची असल्याचं सांगितलं आणि मग इतका वेळ बासरी ऐकवली की काकांना स्वतःलाच तक्रारीचं महत्त्व वाटेनासं झालं. शेवटी एक मुलगी आली. मशीन मॅडमच्या नावावर आहे, म्हणाली, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय तो सांगा, म्हणजे तक्रार नोंदवते. कप्पा तुटल्याचं काकूंना कळलं तर काकांची परीक्षा संपलीच. त्यांनी फोन ठेवला, तोच काकूंचा आला. मशीनच्या कंपनीकडून कसला ओटीपी आलाय? फसवणुकीचे फोन असतात, लक्ष देऊ नकोस, असं काका घाईघाईने बोलून गेले. त्यावर काकूंनी फसवणूक कशी होते, भोळी माणसं कशी सापडतात आणि फोनवर कुणाला काही सांगू नये, हे त्यांना सविस्तर समजावलं. भांडारपालाने चोराच्या जागी उभं राहून ते सगळं ऐकून घेतलं.

मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला गाठलं. त्याने तुकडे हातात घेऊन बघितले, जोडून बघितले आणि परत दिले. नवीन कप्पा मागवावा लागेल, यायला वेळ लागेल. तोवर कप्प्याची जागा मोकळीच राहू द्या, थोडं पाणी शिंपडेल ते पुसून घ्या आणि साबण थेट ड्रममध्ये कपड्यांबरोबर टाका. इथे त्याने थांबायला हवं होतं. पण तो पुढे म्हणाला, "फक्त ड्रममध्ये काय टाकताय ते नीट बघून घ्या." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंख्याकडे वळला. हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर काही झालं नसतं.

नीट बघायला काका संध्याकाळी सुपरमार्केटात गेले. साबणांसाठी तिथे एक संपूर्ण गल्ली होती. वरून उघडणाऱ्या मशीनचा वेगळा, समोरून उघडणाऱ्याचा वेगळा, पावडर, लिक्विड, गोळ्या, रंगीत कपड्यांसाठी, काळ्यांसाठी, बाळांसाठी, आणि एका बाटलीवर तर कपड्यांच्या आठवणी जपण्याचं आश्वासन होतं. काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक पुडा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचू लागले. कुणी लिहिलं होतं कप्प्यात घाला. कुणी लिहिलं होतं मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे घाला. मशीनच्या पुस्तिकेत, काका घरून वाचून आले होते, साबणाच्या पुड्याप्रमाणे घाला असं होतं. सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या काकांनासुद्धा या टोलवाटोलवीचं कौतुक वाटलं. इतका वेळ वाचणारा माणूस म्हणजे तपासणीला आलेला अधिकारी असणार, असं वाटून मॅनेजर पाणी घेऊन आला आणि पुढच्या आठवड्यात सगळं ठीक करतो म्हणाला. काका पाणी प्यायले आणि रिकाम्या हाताने घरी आले. एकट्याने निर्णय घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मतं मागवायचं ठरवलं.

वरच्या मजल्यावर हेडबाई राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही. त्यांनी प्रश्न पुरता ऐकलाच नाही. पावडर, म्हणाल्या, आणि चांगल्या दोन मुठी. ज्या साबणाला फेस नाही तो साबण नव्हे, आणि हल्लीच्या कपड्यांना वास येतो तो याच ढिलाईमुळे. असं म्हणून त्यांनी आपल्याकडच्या पावडरचा डबा काकांच्या हातात ठेवला आणि कपडे कसे निघाले ते येऊन सांगायचं, असं बजावलं. काका लहान मुलासारखे "हो बाई" म्हणून उतरले.

समोरच्या दारात विमावाले. ते लिक्विडच्या बाजूचे. पावडर विरघळली नाही तर, असं त्यांनी आवाज उतरवून विचारलं. काळ्या पँटवर पांढरे डाग पडले तर? ऐन वेळी, बाहेर निघताना लक्षात आलं तर? कपड्यांना संरक्षण नको का? लिक्विड थेट ड्रममध्ये चालतं, एक झाकण नेहमीसाठी आणि मळ जास्त असेल तर दोन. त्यांनी आपली बाटली काकांना दिली आणि नेहमीप्रमाणे एक माहितीपत्रकही दिलं, ते मात्र पॉलिसीचं होतं.

तळमजल्यावरच्या सेक्रेटरींना विचारायचं काकांच्या मनात नव्हतं. पण सेक्रेटरींना न विचारता इमारतीत काही झालं की ते मनाला लावून घेतात. पावडरीने सांडपाण्याचे पाइप तुंबतात आणि तुंबलेलं सगळं त्यांच्या बाथरूममध्ये वर येतं, हे त्यांनी मागच्या सभेतही मांडलं होतं आणि आत्ताही मांडलं. त्यांच्या सुनेने गोळ्या आणल्या होत्या. जेली भरलेल्या, रंगीत, दिसायला इतक्या गोड की सेक्रेटरींनी त्या उंच फळीवर ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी मोठ्या मनाने काकांना दिल्या. भरलेल्या ड्रमला दोन, म्हणाले, आणि इमारतीच्या हिताच्या दृष्टीने हाच निर्णय योग्य ठरेल.

झालं. टेबलावर डबा, बाटली आणि दोन गोळ्या अशी तीन दरपत्रकं मांडली गेली आणि काका अडकले. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय, एक वापरा, दोन परत करा. पण घर चालवायला बसलेल्या माणसाला इतकं सोपं नसतं. काका ऑफिसला गेले की दुपारी नानांकडे हेडबाई डोकावत. नानांची औषधं येता-जाता विमावाले आणत. पाण्याचा पंप सेक्रेटरींच्या हातात होता. या तिघांतल्या एकालाही नाराज केलं, तर काकूंच्या मागे दोन वर्षं हे घर चालणार कसं? साबणापायी शेजार तुटला की घर मोडणार, घर मोडलं की काकू नाही म्हणणार. काकांना टेबलावर साबण दिसतच नव्हता, काकूंचं मेट्रनपद दिसत होतं.

तेव्हा त्यांनी विषय विचाराधीन ठेवला. ऑफिसात विचाराधीन विषय पडून राहिला तरी धूळ खातो, त्याहून जास्त काही करत नाही. कपड्यांचं तसं नाही. रोज जिन्यात एकेक शेजारी गाठून विचारी, वापरला का? काका म्हणत, प्रक्रिया चालू आहे. इकडे टोपली भरली, तिच्यावर ढीग झाला, ढिगाने दार अडवलं. नानांना काकांच्या ट्रॅकपँट्स चढवाव्या लागल्या आणि त्या त्यांना इतक्या आवडल्या की परत द्यायला ते तयार होईनात. काकांचे शर्ट संपले. शेवटी भाच्याच्या लग्नात शिवलेला सूट घालून ते ऑफिसला गेले. सहकाऱ्यांनी हात मिळवून अभिनंदन केलं. कशाबद्दल, हे कुणाला माहीत नव्हतं, पण इतका चांगला सूट घालून कुणी उगाच येत नाही असं सगळ्यांचं मत पडलं आणि चहा काकांच्या नावावर लागला.

असं करता करता सुट्टीचा दिवस उजाडला. काकू संध्याकाळी यायच्या होत्या. आता टाळायला जागाच उरली नव्हती. काकांनी ड्रम कपड्यांनी भरला, वर काकूंचे युनिफॉर्म ठेवले आणि डबा, बाटली, गोळ्या यांच्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. आणि मग त्यांना एकदम मोकळं वाटलं. अहो, तिघंही तोलामोलाचे. कुणालाच दुखवायचं नाही. मग इतके दिवस आपण विचार कसला करत होतो?

त्यांनी हेडबाईंच्या दोन मुठी टाकल्या. विमावाल्यांची दोन झाकणं ओतली, कारण मळ जास्त होता हे कुणीही मान्य केलं असतं. सेक्रेटरींच्या दोन्ही गोळ्या टाकल्या. तिघांत एकेकाचा हिस्सा कमी करावा हे त्यांच्या मनात आलं होतं. पण उद्या जिन्यात हेडबाईंनी "दोन मुठी घातल्या ना?" असं विचारलं, तर खोटं कसं बोलणार? काकांनी दार लावलं आणि बटण दाबलं. नानांनी स्टूल पुढे ओढलं. कित्येक दिवसांनी खेळ सुरू होत होता.

सुरुवात चांगली झाली. काका स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून आले. नाना म्हणाले, आज फेस छान आलाय. काकांना बरं वाटलं. थोड्या वेळाने नाना म्हणाले, आता कपडे दिसत नाहीत, नुसतं पांढरं दिसतंय. पांढरं निघणारच, काका आतून म्हणाले, तीन-तीन साबण आहेत. काका चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नाना स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते आणि कप्प्याच्या मोकळ्या जागेतून फेस, घाई नाही गडबड नाही, शांतपणे बाहेर येत होता.

काकांनी चहा खाली ठेवला. तो पुन्हा दिसला नाही. त्यांनी भोकावर टॉवेल दाबला. फेस बाजूने आला. पाठ लावली, फेस कॉलरमधून आत शिरला. मशीन बंद केलं, तर आत पाणी असल्यामुळे दार उघडेना. पुन्हा चालू केलं, तर ते जोमाने फिरू लागलं. एवढ्यात फेसाने बाथरूम ओलांडलं, बाहेरच्या खोलीतून वाट काढली, दाराच्या फटीतून तो जिन्यात गेला आणि पायऱ्या उतरू लागला. "अरे, तो चालला बघ," नाना म्हणाले, आणि कुणी पाहुणा निघावा तसा त्यांनी हात हलवला.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या इमारतीसमोर झालं, हे काकांना सगळ्यात जास्त लागलं. विमावाल्यांनी दार उघडलं आणि घाईने मिटलं, मग पायात गमबूट घालून पुन्हा उघडलं. खालून अर्ध्या गालाला साबण लावलेले सेक्रेटरी आले आणि जिन्यात कोणतीही वस्तू ठेवण्यास मनाई असल्याची त्यांनी आठवण करून दिली. फेस ही वस्तू धरायची का, यावर विमावाल्यांनी शंका काढली. वरून हेडबाई उतरल्या. काय झालं ते बघितल्यावर तिघांनीही एकच प्रश्न विचारला, माझा वापरला होता ना? काका म्हणाले, हो. तिघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते समाधान टिकलं नाही.

फेस मारायला काय घालावं यावर मतभेद झाले. मीठ घाला, व्हिनेगर घाला, बर्फ घाला. विमावाल्यांनी अशा प्रसंगांसाठीच असलेल्या एका योजनेचा उल्लेख केला आणि हेडबाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं. मग सेक्रेटरींनी बाईंना जरा धारेवर धरलं. ही पावडर असल्या मशीनची नाहीच, त्यांनी डब्यातली चिमूट बोटांत चोळून सांगितलं, तुमच्या मशीनमध्ये चालते तरी कशी? बाई म्हणाल्या, माझ्याकडे मशीन कुठे आहे? मी बादलीत भिजवते. काकांनी डोळे मिटले. नमुना मागवण्याआधी पुरवठादाराकडे यंत्र आहे की नाही हे तपासायचं असतं, हा पहिला नियम.

पण बाई खचल्या नाहीत. चूक झाली की उत्तर पुसून पुन्हा लिहायचं, असं त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं होतं. त्यांनी ताबा घेतला. विमावाल्यांना झाडू, सेक्रेटरींना वायपर, काकांना बादली, आणि नानांना जागेवरच बसून फेस कुठवर आला ते सांगायचं काम. मशीन नुसत्या पाण्यावर पुन्हा पुन्हा खंगाळायला लावलं. इतकं की वरची टाकी संपली आणि सेक्रेटरींनी न मागता पंप चालू केला. ते असं कधी करत नाहीत, आणि केल्यावर आपणच दचकले. दर खंगाळण्याला नाना बातमी देत, अजून आहे, अजून आहे, कमी झालाय, आता बाही दिसली. ती बाही युनिफॉर्मची होती. काकांनी बादलीसकट वाकून काचेत पाहिलं.

जिना पुसता पुसता एक अजब गोष्ट लक्षात आली. वर्षानुवर्षं ज्या पायऱ्या सगळे करड्या समजत होते त्या निळसर निघाल्या, आणि कडेला पांढरी नक्षी होती. सेक्रेटरी वाकून बघत राहिले. इतक्या सभा घेतल्या, जिना रंगवायचा ठराव दोनदा फेटाळला, आणि नक्षी होती तिथेच होती. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या पायऱ्या जास्तच मन लावून घासायला घेतल्या. विमावाले गुणगुणू लागले. एखाद्याला वाटलं असतं हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. ट्रेनिंग दुपारीच संपलं होतं.

काकू बॅग घेऊन वर येऊ लागल्या आणि एकेका पायरीवर एकेक शेजारी हातातलं काम थांबवून उभा राहिला. सेक्रेटरी म्हणाले, इमारतीत स्वच्छता मोहीम चालू आहे. विमावाले म्हणाले, स्टोअरकाकांचा पुढाकार. हेडबाईंना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्या छताकडे बघू लागल्या. सगळ्यात वर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात सुटाचं जाकीट, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि केसांत फेस अशा अवस्थेत काका बादली धरून उभे होते. त्यांना वाटलं, बादलीतच उडी घ्यावी.

काकू त्यांच्या बाजूने आत गेल्या. नाना स्टुलावरून आनंदाने म्हणाले, "आलीस का पोरी? फार चांगला कार्यक्रम झाला. कप्पा तुटला, ते तुला सांगायचं नव्हतं. मग तीन साबण एकदम घातले. तू जरा आधी यायला हवं होतंस."

नानांनी सगळं सांगून टाकलं होतं, तेव्हा काकांना आता काही लपवायची गरज उरली नाही, आणि त्यांना पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्यांनी बादली खाली ठेवली. काकूंनी मशीनचं दार उघडलं. ते उघडलं, हीसुद्धा एक बातमीच होती. त्यांनी वरचा युनिफॉर्म बाहेर काढला, उजेडात धरला, नाकाशी नेला. पांढरा होता. फाटला नव्हता, डाग नव्हता. नुसता पाण्याने जड झाला होता.

"हे बघ," काका म्हणाले. त्यांचा आवाज भांडारातला नव्हता. "मला नाही जमलं. औषधं दिली वेळेवर, तेवढं जमलं, बाकी नाही. पण तू नाही म्हणू नकोस. कप्पा मी तोडला, साबण मी घातले, त्यात तुझा काय दोष? तू जा. मी शिकेन. उशिरा शिकेन, पण शिकेन."

दारात हेडबाई, विमावाले आणि सेक्रेटरी असे ओळीने उभे होते. निकाल ऐकायला आलेल्या पोरांसारखे तिघंही काकूंकडे बघत होते. काकूंनी युनिफॉर्म झटकला, तेव्हा त्यांच्यावर तुषार उडाले, पण कुणी हललं नाही.

"मी हो म्हणून कळवून आठ दिवस झाले," काकू म्हणाल्या. "इथून निघायच्या आधीच कळवलं. तुमच्या परीक्षेच्या निकालासाठी थांबले असते तर नर्स म्हणूनच रिटायर झाले असते."

काकांना हायसं वाटावं की राग यावा हे पटकन ठरेना. दोन्ही एकदमच आलं, आणि हायसं वाटणं पुष्कळ जास्त निघालं. ते नानांच्या शेजारी जमिनीवरच बसले. तरी अपमानाची बाजू त्यांना मांडायचीच होती. त्यांनी विचारलं, मग ही परीक्षा कशासाठी घेतली?

"नाहीतर तुम्ही मशीनजवळ गेला असतात का?"

विमावाल्यांनी मान हलवली. हेडबाईंच्या चेहऱ्यावर एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेकडे बघावं तसा आदर दिसला. सेक्रेटरी खाली जाऊन राहिलेली दाढी करावी म्हणत होते, पण त्यांचा पाय निघत नव्हता. काकू युनिफॉर्म वाळत घालायला गेल्या, तशा काका उठून त्यांच्या मागे गेले. त्यांचा मूळ प्रश्न अजून तसाच होता, आणि आता दोन वर्षं तो त्यांनाच सोडवायचा होता.

"पण मग ड्रममध्ये घालायचं तरी काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिक्विड घाला नाहीतर गोळी घाला," काकू चिमटे लावत म्हणाल्या. "पण एकच घाला."

काकांनी मागे वळून दारातल्या तिघांकडे पाहिलं. तिघंही ऐकत होते. काकांचा चेहरा पुन्हा उतरला. ते काकूंच्या कानाशी गेले.

"मग उरलेल्या दोघांना नाही कोण सांगणार?"

काकूंनी शेवटचा चिमटा लावला, हात पुसले आणि दाराकडे निघाल्या.

"ते माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "मेट्रन मी आहे."